पाऊस किती, हे विचारण्याआधी तो कोणत्या एककात हे विचारावे

हवामानाच्या डेटावर प्रोग्रॅमिंग करू लागलो, त्या पहिल्याच पावसाळ्यात माझ्या आलेखाने सांताक्रूझला दिवसभरात ०.०९ मिलिमीटर पाऊस दाखवला. त्याच संध्याकाळी मी गुडघाभर पाण्यातून घरी पोहोचलो होतो. ईआरए५ या जागतिक हवामानाच्या डेटासंचात पाऊस मीटरमध्ये दिलेला असतो आणि मी तो मिलिमीटर धरून चाललो होतो. हजाराने गुणले आणि प्रश्न मिटला.

असली ढोबळ चूक निदान डोळ्यांना खुपते. घात करतात ते खरे वाटणारे आकडे. विमानतळाच्या मेटार या नियमित हवामान अहवालात वाऱ्याचा वेग नॉटमध्ये असतो, तर हवामानाच्या संगणकीय मॉडेलच्या फायलींत मीटर प्रति सेकंदात. १२ नॉट म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. तोच आकडा मीटर प्रति सेकंद समजला, तर ताशी ४३ किलोमीटर होतो, आणि जूनमधल्या मुंबईत दोन्ही वेग कोणालाही पटतात. माझी ही चूक दोन आठवडे कोणाच्याच लक्षात आली नाही, माझ्या तर नाहीच.

पावसाच्या बाबतीत एककाइतकाच त्याचा कालावधीही महत्त्वाचा असतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयाचा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा आकडा २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा आहे, कारण आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मॉडेलचे तास यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीपासून मोजून बेरीज केली, तर ती आपल्या पहाटे साडेपाच ते साडेपाच अशी होते, आणि मग तीन तासांच्या या फरकाचा दोष आपण उगाच मॉडेलला देत बसतो. काही फायलींत पाऊस किलोग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये असतो; त्याने गोंधळू नये, कारण एक चौरस मीटरवर पसरलेले लिटरभर पाणी एक मिलिमीटरच उंच भरते. मात्र पुढे ‘प्रति सेकंद’ असेल, तर तासाच्या पावसासाठी ३६०० ने गुणावे लागते.

तापमान केल्विनमधून सेल्सियसमध्ये आणताना २७३.१५ वजा करतात, हे सर्वांना ठाऊक असते; पण कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्या तापमानातल्या फरकातून ते वजा करायचे नसतात, कारण फरक दोन्ही एककांत सारखाच असतो.

आता मी फाईल वाचतानाच नेटसीडीएफमधले (हवामानाचा डेटा साठवण्याच्या फाईल-प्रकारातले) एकक तपासतो, रूपांतर तिथेच एकदा करतो आणि प्रोग्रॅममधल्या चलाच्या (व्हेरिएबलच्या) नावातच एकक लिहितो. पायथॉनमधली पिंट लायब्ररी एकक आकड्यासोबत ठेवते आणि मीटरमध्ये सेकंद मिळवू पाहिल्यास त्रुटी दाखवते. पण फाईलमध्येच एकक चुकीचे लिहिलेले असेल, तर पिंटचाही इलाज चालत नाही, म्हणून प्रत्येक नव्या फाईलमधले किमान आणि कमाल मूल्य मी आधी छापून पाहतो.