केबिनमध्ये पाइनच्या रुंद फळ्या बसवताना

मुंबईत ऑफिसच्या केबिनला पाइनच्या रुंद, गाठीदार फळ्यांची जमीन करायची असेल, तर सुतार बोलावण्याआधी फळ्या बोलवाव्यात. त्या त्याच खोलीत, मध्ये पातळ रिपा घालून, हवा खेळेल अशा रचून किमान दोन आठवडे ठेवाव्यात आणि त्या काळात एसी रोजच्यासारखाच चालू-बंद करावा. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलते. लाकडातल्या ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला की २०० मिलिमीटरची फळी सुमारे दोन मिलिमीटरने फुगते किंवा आकसते. म्हणून पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या एकमेकींना भिडवून बसवाव्यात, तर जानेवारीच्या कोरड्या हवेत दोहोंमध्ये फुगण्यापुरती फट ठेवावी. भिंतीलगत १० ते १२ मिलिमीटर जागा सोडावी. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते.

कोब्यावर आधी जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. फळीच्या वरच्या बाजूइतकेच सीलर (ओल रोखणारा लेप) खालच्या बाजूला आणि कडांनाही लावून घ्यावे, कारण एकाच अंगाने ओल शोषणारी फळी पन्हळीसारखी वळते. हे काम सुतार हमखास टाळतात, तेव्हा समोर उभे राहून करून घ्यावे. वाळवीचे औषधही त्याआधीच मारून घ्यावे. एवढ्या रुंद फळीला नुसते खिळे पुरत नाहीत. फळ्यांखाली आधाराला बसवलेल्या प्रत्येक आडव्या रिपेवर दोन स्क्रू घालून त्यांची डोकी पाइनच्याच बुचांनी बुजवावीत. पाइन मऊ असते, खुर्चीच्या चाकांचे वळ त्यावर उमटणारच.