छोट्या माउंटन बाइक टीमने टाळायच्या चुका: काटे, ऊन आणि ‘ते माझं काम नव्हतं’

लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी, सकाळी सव्वासहाला, आमच्या सहापैकी चार जण सायकली उलट्या करून बसले होते. मी मागून गाडी घेऊन पोचलो.

“काय व्हयनं रे भो?”

“दादा, हवा निंघी गई.”

चौघांचीही गेली होती. कुणीतरी शेताच्या कडेला बाभळीच्या फांद्या तोडून कुंपणाला टाकल्या होत्या, आणि पोरं त्याच बांधावरून आली होती. पिशवीत दोन ट्यूब निघाल्या. दोन्हींचा वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड, तर आमच्या रिमची भोकं बारीक प्रेस्टा वॉल्व्हची, त्यामुळे त्या आत जाईनात. पंप एकच होता आणि त्याचं तोंडही जाड वॉल्व्हचंच. ट्यूब आणायचं काम कुणाचं होतं, हे विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले.

पाच वर्षं मी या टीमचा मेकॅनिक, ड्रायव्हर आणि बाटल्या देणारा आहे. पाय कमी पडले म्हणून शर्यत गेली, असं फार थोड्या वेळा झालं. बहुतेक वेळा सामान एकमेकांशी जुळलं नाही, किंवा एखादं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. मोठ्या टीमची चूक पैशाने झाकली जाते. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या छोट्या टीमला बारा स्पीडच्या (मागे बारा गियर असलेल्या) सायकलच्या एका पार्टसाठी नाशिक किंवा पुण्याची वाट बघावी लागते. म्हणून आम्ही केलेल्या चुका इथे लिहून ठेवतोय.

प्रत्येकाची सायकल वेगळी, सामानही वेगळं

सहा जणांनी आपापल्या बजेटने सहा सायकली घेतल्या, इथेच अर्धी गडबड होते. आम्ही वर्गणी काढून एक जादा मागचं चाक घेतलं आणि शर्यतीत कळलं की ते एकाच सायकलला बसतं. कुणाचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १४२ मिलिमीटरचा, कुणाचा १४८ चा. कुणाची ब्रेकची डिस्क सहा स्क्रूची, कुणाची सेंटरलॉक, म्हणजे मधोमध एकाच रिंगने आवळायची. कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा, ज्याच्यावर चढते तो फ्रीहबसुद्धा तीन तऱ्हेचा. जादा चाक विकत घेण्याआधी या तीन गोष्टी प्रत्येक सायकलवर बघून वहीत लिहा. नवी सायकल येणार असेल तर टीममधल्या बाकीच्यांशी जुळणारीच घ्या, मग रंग मनासारखा नसला तरी चालेल.

ब्रेकच्या तेलाची चूक सगळ्यात महागात पडते. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. आपल्याकडे मोटारसायकलच्या दुकानात डॉट सहज मिळतं आणि मेकॅनिक चांगल्या मनाने तेच भरून देतो. मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट गेलं की आतली रबरी सीलं फुगतात, लिव्हर चिकटते आणि तो ब्रेक बहुधा कायमचा जातो. कोणतं तेल लागतं ते लिव्हरवर किंवा तिच्या झाकणावर लिहिलेलं असतं. आम्ही तर प्रत्येक हँडलवर पांढऱ्या टेपने ‘मिनरल’ किंवा ‘डॉट’ लिहून टाकलंय.

काट्याशी लढताना

खान्देशात माउंटन बाइक चालवायची म्हणजे आधी काटे ओळखायचे. गोखरू जमिनीलगत पसरतो. त्याचा काटा आखूड आणि दणकट, आणि एका फेरीत टायरला दहा-पंधरा लागतात. साध्या ट्यूबवर इथे सराव करणं म्हणजे रोज पंक्चर काढणं. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे आत ओतलेलं चिकट द्रव, गोखरूचं भोक बसल्या जागी बुजवतं. बाभळीचं तसं नाही. तिचा काटा लांब, तो टायरच्या बाजूच्या पातळ भागातून शिरतो, आणि तिथली चीर सीलंटला आवरत नाही.

पोरं पहिली चूक करतात ती काटा दिसला की उपटण्याची. काटा आत असेपर्यंत भोक बंद असतं. शर्यतीत असाल आणि हवा धरून असेल तर त्याला हात लावू नका. घरी आल्यावर काढा, लगेच ते भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि सीलंट तिथे पोचेपर्यंत थांबा.

दुसरी चूक उन्हाळ्यातली. सीलंटच्या बाटलीवर ते दोन-तीन महिने टिकतं असं लिहिलेलं असतं, पण ते आपल्या एप्रिल-मेसाठी धरू नका. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते आणि आतलं द्रव सुकून रबराच्या पापुद्र्या उरतात. टायर बाहेरून ठणठणीत दिसतो, पण पहिल्या काट्याला बसतो. आम्ही उन्हाळ्यात दर तीन आठवड्यांनी चाक कानाजवळ हलवतो. आत पाण्यासारखा आवाज आला नाही तर सीलंट घालतो.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त वेळा सांगावी लागते. ट्यूबलेस टायर फाटला की आत ट्यूब टाकून शर्यत पूर्ण करता येते, पण त्या टायरच्या आत महिनोन्‌महिने जिरलेले वीस-पंचवीस काटे टोकं वर करून बसलेले असतात. सीलंटमुळे ते कधी जाणवले नाहीत, आणि नवी ट्यूब शंभर मीटरही जात नाही. आतून नुसता हात फिरवला तर बोटं रक्तबंबाळ होतात आणि बारीक टोकं तरीही सुटतात. त्यासाठी कापसाचा बोळा घ्या, तो तर आपल्या घराघरांत मिळतो. टायरच्या आतून पूर्ण एक फेरी फिरवा. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे काटा आहे. पकडीने काढा, पुन्हा बोळा फिरवा, आणि तो कुठेच अडकला नाही की मगच ट्यूब घाला. माझ्या टूलकिटमध्ये कापसाची पुडी पंपाइतकीच पक्की असते.

हवेबद्दल थोडं. ६०-६५ किलोचा आमचा गडी ट्यूबलेसवर साधारण २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो. सकाळी सहाला २२ अंशांत भरलेली हवा दुपारी ४२ अंशांत जवळपास अडीच पीएसआयने वाढते, आणि सुट्या खडीच्या उतारावर ती वाढ हाताला कळते. म्हणून शेवटची हवा सुरुवातीच्या रेषेजवळ, सावलीत आणि नेहमीच्याच गेजने तपासा. दोन गेज एकच आकडा दाखवतील याची खात्री नसते.

“आपण खान्देशचे, आपल्याला ऊन काय करणार?”

हा समज मी मनापासून मोडू इच्छितो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो हे खरं. पण आपली पोरं सराव करतात पहाटे साडेपाच ते आठ, आणि दिवसभर घरात कूलरसमोर असतात. शर्यत मात्र अकराला सुटते. ते ऊन त्यांच्या शरीरालाही नवंच असतं. शरीर उन्हाला सरावायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, तेही रोज थोडा वेळ उन्हात हलका सराव केला तर. शर्यतीच्या दोन आठवडे आधीपासून एक फेरी नऊ-साडेनऊला काढा. सुरुवात अर्ध्या तासाने करा, जोर लावू नका, आणि कुणालाही एकट्याला पाठवू नका.

पाण्याचा अंदाज तहानेवर सोडू नका. सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. एक किलो घटलं म्हणजे अंगातलं साधारण एक लिटर पाणी गेलं. आमचा एक ६२ किलोचा मुलगा दीड तासात १.९ किलोने उतरला होता, म्हणजे तीन टक्के. शेवटच्या लॅपला तो का ढेपाळतो, याचं उत्तर वजनकाट्यावर मिळालं. त्याआधी दोन महिने मी त्याला ‘मनाने कच्चा’ म्हणत होतो, आणि ते मला आजही लागतं.

ओआरएसची चूक तर घरोघरची. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि सायकलची बाटली असते ६०० मिलिलिटरची. पोरं आख्खं पाकीट तिच्यात ओततात. ते पाणी गरजेपेक्षा खूप दाट होतं, पोटात मुरडा येतो, मळमळतं, आणि दोष ओआरएसला जातो. एक लिटर मापून आदल्या रात्री कालवा आणि बाटल्यांत भरा. २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात. ६०० च्या बाटलीला ती तीन लागतात. याच्या उलट, तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसणंही धोक्याचं आहे, कारण रक्तातलं मीठ पातळ होतं.

खाण्यात आपण भाग्यवान आहोत. रावेर-यावलची केळी हाताशी आहेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि लांब शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात. शर्यतीच्या आदल्या रात्री मात्र पाहुण्यांकडची शेवभाजी आणि भरीत नम्रपणे नाकारा. वरणभात खा. शर्यत संपल्यावर कळण्याची भाकरी आणि भरीत यांवर सगळ्यांचा हक्क आहेच.

एक गोष्ट कडक नियम म्हणून पाळा. उन्हात एखादा पोरगा असंबद्ध बोलू लागला, लटपटू लागला, कुठे आहे ते त्याला सांगता येईना, तर शर्यत तिथेच संपली. सावली, अंगावर भरपूर पाणी, वारा आणि लगेच दवाखाना. “एकच लॅप राहिली दादा” हे ऐकून घेऊ नका.

काळी माती आणि वॉशिंग सेंटर

जुलैत काळी जमीन भिजली की तिच्यावर सायकल घालू नका. दोनशे मीटरमध्ये माती टायरला लगडते, फ्रेमच्या बेचक्यात भरते आणि चाक फिरायचं थांबतं. तशीच रेटली तर डिरेलर (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा भाग) ओढला जाऊन मोडतो. त्या दिवसांत मुरूम धरा, लळिंगची चढण धरा, किंवा धावायला जा.

चिखलाची सायकल मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर नेणं ही पुढची चूक. तो जोराचा फवारा हबमध्ये, पॅडलच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो आणि ग्रीस धुऊन काढतो. महिन्याभरात करकर सुरू होते. बादली, मऊ ब्रश आणि भांड्याचा साबण पुरतो. चेन डिझेलने धुतली तर पूर्ण सुकू द्या, मगच नवं तेल. आणि ते इंजिन ऑइल नको, आपली धूळ त्याला चिकटून दळणाच्या पिठासारखी होते. प्रत्येक कडीला एक थेंब, मग बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून टाका. बारा स्पीडची चेन झिजून ०.५ टक्के लांबली की बदला. उशीर केला तर ती कॅसेटही खाते, आणि कॅसेट चेनच्या कितीतरी पट महाग.

तोरणमाळचा उतार

मे महिन्यात आम्ही शहाद्याहून तोरणमाळला जातो. वर साधारण ११५० मीटरवर हवा बरी असते. चढण सगळ्यांना आवडते, चुका उतारावर होतात. घाबरलेला मुलगा वरपासून खालपर्यंत ब्रेक थोडासा दाबूनच ठेवतो. डिस्क तापते, पॅडला चकाकी येते आणि पकड जाते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा, डिस्कला वारा लागू द्या. खाली आल्याबरोबर डिस्कला बोट लावू नका, चटका बसतो.

गाडीत कोंबलेल्या सायकली

बोलेरोच्या टपावर सहा सायकली एकावर एक बांधून आम्ही एका शर्यतीला गेलो. पोचल्यावर सगळं नीट दिसलं. पहिल्याच चढणीवर एकाने सगळ्यात हलका गियर टाकला आणि डिरेलर थेट स्पोकमध्ये गेला. प्रवासात हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमवरचा तुकडा, वाकला होता. हँगर मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमचा करतात, धक्का बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. पण तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, गावातल्या दुकानात मिळत नाही. प्रत्येकाने आपल्या सायकलचा एक जादा हँगर सीटखालच्या पिशवीत ठेवावा. आणि पोचल्यावर, उतरवल्या उतरवल्या, मागून डोळा लावून डिरेलर चाकाला समांतर आहे का ते बघा.

भुसावळहून रेल्वेने जाताना चाकं काढावी लागतात. तेव्हा कुणीतरी गंमत म्हणून ब्रेक दाबतो आणि पॅड एकमेकांना चिकटून बसतात. चाक काढलं की दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घाला. आणि डाव्या पॅडलची आटी उलटी असते, हे नव्या मुलाला पाना हातात देण्याआधी सांगा.

शर्यतीच्या सकाळी

वयोगट आधीच तपासा. आंतरराष्ट्रीय नियमात वय जन्मतारखेवर नाही, जन्मवर्षावर धरतात. म्हणजे त्या वर्षी १७ किंवा १८ पूर्ण होणारा ज्युनियर, वाढदिवस डिसेंबरात असला तरी.

फीड झोनमध्ये, म्हणजे पाणी-खाणं द्यायच्या ठरलेल्या जागेत, बाटली कोण देणार हे एकाच माणसावर ठरवा. आमच्याकडे एकदा काका, मोठा भाऊ आणि मित्र असे तिघे एकाच मुलासाठी हात पुढे करून उभे होते. त्याने तिघांकडे बघितलं आणि बाटली कुणाचीच हाती लागली नाही. देणाऱ्याने बाटली वरच्या टोकाला दोन बोटांत सैल धरावी, जागेवरच स्थिर उभं राहावं आणि मुलाचं नाव मोठ्याने घ्यावं. हे आदल्या आठवड्यात मैदानावर वीस वेळा करून बघा. झोनच्या बाहेर बाटली दिली तर दंड किंवा बाद होण्याची वेळ येते. तेव्हा प्रेमापोटी चढणीवर उभ्या राहणाऱ्या घरच्यांनाही हे नीट समजावून सांगा.

ट्रॅक आदल्या दिवशी बघताना वेग लावू नका. अवघड जागा पायी चालून, खालून वर बघा. दगड खालून वेगळे दिसतात.

आता आमच्या गाडीच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला असतो. ट्यूब आणि कापूस, पंप आणि गेज, हँगर, ओआरएस, कागदपत्रं, फीड झोन. सहा कामं, आणि प्रत्येकापुढे एकेक नाव. गाडी सुटण्याआधी ज्याचं नाव त्याने वस्तू हातात धरून दाखवायची. ‘घेतली’ असं नुसतं सांगून चालत नाही. यंदा ट्यूबचं काम त्या चौघांतल्या सगळ्यात धाकट्याकडे आहे. तो दर वेळी ट्यूबचा वॉल्व्ह आधी रिमच्या भोकात घालून बघतो, मगच पिशवीची चेन लावतो.