माथेरानला दोघंच जाताना: पुण्यातून निघण्याआधीची तयारी

आधी तारीख. तुळशीचं लग्न झालं की पुण्यातली कार्यालयं भरायला लागतात, आणि लग्नामागोमाग सत्यनारायण, गोंधळ, जेजुरी, मांडवपरतणी असं सगळं येतंच. तेवढ्यात दोघांचीही झोप पार उडालेली असते. म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बॅगा उचलू नका. मांडवपरतणीनंतर दोन दिवस घरी मोकळे काढा, मग निघा. शनिवार-रविवार, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी टाळा. सोमवारी चढून गुरुवारी उतरलात तर माथेरान खरोखर शांत मिळेल. तारीख नक्की करण्याआधी पाळीची तारीखही बघा आणि ती एकमेकांशी बोला. हे बोलायला संकोच वाटतो, पण ते आधी बोललेलं फार बरं.

महाबळेश्वर पुण्याहून सोपं आहे, गाडी थेट हॉटेलच्या दारात जाते. तरीही मी माथेरानच सुचवेन. दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत, त्यामुळे जिथे जायचं तिथे बहुतेक चालतच जावं लागतं. ठरवून झालेल्या लग्नात पहिले काही दिवस समोरासमोर बसून काय बोलावं ते सुचत नाही. शेजारी शेजारी चालताना मात्र बोलणं आपोआप निघतं. झाडीतल्या त्या लाल वाटा मला याच कारणासाठी फार मोलाच्या वाटतात.

आता तिकिटं. पुण्याहून कर्जतला थांबणारी गाडी पकडा आणि कर्जतहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला उतरा. मध्ये फक्त भिवपुरी रोड लागतं. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं. तिकिटावर नवरीचं तेच नाव घाला, जे तिच्या ओळखपत्रावर आहे. घरातलं कुणीतरी हौसेनं सासरचं आडनाव लिहितं आणि मग तपासणीच्या वेळी अडचण होते. हॉटेलसाठी दोघांचीही ओळखपत्रं मूळ प्रतीत बरोबर असू द्या.

नेरळहून वर जाणारी छोटी गाडी 1907 मध्ये सुरू झाली. रूळ जेमतेम दोन फूट रुंदीचे, अंतर साधारण 21 किलोमीटर, आणि वर पोचायला दोन-अडीच तास लागतात. वाटेत एकच बोगदा आहे, त्याला सगळे ‘वन किस टनेल’ म्हणतात. वेळ असेल तर याच गाडीने जा. फेऱ्या मोजक्या आणि डबे लहान असतात, म्हणून त्या दिवसाचं वेळापत्रक आधी बघून नेरळला भरपूर लवकर पोचा. पावसाळ्यात खालचा टप्पा बंद असतो, तेव्हा दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानपर्यंत एवढीच गाडी चालते. जागा नाही मिळाली तर नेरळ स्टेशनबाहेरून दस्तुरीपर्यंत टॅक्सी आहेच. तिथे माणशी प्रवेशकर भरायचा असतो, त्यासाठी सुटे पैसे वरच्या खिशात ठेवा. एकूणच रोख रक्कम पुरेशी न्या.

हॉटेल घेताना फोन करून तीन गोष्टी विचारा: दस्तुरीपासून किती चालायचं, जेवण भाड्यात आहे का, आणि वीज गेली तर जनरेटर आहे का. बाजारपेठेपासून थोडं आत असलेली खोली घ्या.

सामान कमी, हे मनावर घ्याच. चाकांची मोठी बॅग मातीत आणि दगडांवर ओढवत नाही. हमाल मिळतात, पण पाठीवरच्या दोन सॅक सगळ्यात बऱ्या. पांढरे बूट नकोत, लाल माती लागली की निघत नाही. बूट नवे घेणार असाल तर लक्ष्मी रोडवरून लग्नाआधीच घ्या आणि घरात वापरून मऊ करा. दागिने घरी राहू द्या. हिरवा चुडा आणि छोटं मंगळसूत्र पुरे. स्वेटर, शाल, टॉर्च, क्रेप बँडेज, पित्ताची आणि तापाची गोळी, रोजची काही औषधं असतील तर ती. गर्भनिरोधनाबद्दल लग्नाआधीच दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोलून घ्या. ते तिथल्या दुकानात शोधायला लागू नये. आईनं दिलेल्या बाकरवडी-लाडवांचा डबा सॅकच्या तळाशी ठेवा. हातात पिशवी दिसली की माकडं ओढतात.

तिथे बघायचं फार ठरवू नका. पहिला दिवस झोपेचा. एक पहाट पॅनोरमा पॉइंटची. तो बाजारापासून लांब आहे, म्हणून अंधारातच निघा. एक दुपार शार्लोट तलावाकाठची, तिथेच पिसरनाथाचं दर्शन होतं. संध्याकाळी लुईझा पॉइंटहून प्रबळगड दिसतो. कठडा नसलेल्या कड्यावर फोटोसाठी पुढे जाऊ नका.

घरी रोज एकदाच फोन करायचा, रात्री जेवणाआधी, असं निघतानाच दोन्हीकडच्या आईवडिलांना सांगा. न सांगता फोन बंद ठेवलात तर ते काळजी करतात. खर्च कोण, कसा करणार तेही गाडीत बसण्याआधी ठरवा. परतीचं तिकीट शुक्रवारच्या आधीचं काढा, म्हणजे कामावर रुजू होण्यापूर्वी कपडे धुवायला आणि माहेरी चिक्की पोचवायला दोन दिवस हातात राहतील.