जुन्या स्कॉटिश मंडळीतले किस्से कसे वाचावेत, तपासावेत आणि मराठीत सांगावेत

स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचे, म्हणजे बिशप न मानणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चांचे, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील विनोदी किस्से मराठी वाचकाच्या हाती पडतात, तेव्हा एक ठरावीक अडचण येते. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मोपदेशकांनी, काय विचारले ते कळते, म्हातारीने काय उत्तर दिले तेही कळते. हसू मात्र येत नाही. दोष दर वेळी भाषांतराचाच असतो असे नाही. ज्यांनी हे किस्से प्रथम सांगितले आणि ज्यांनी ऐकले, त्या सर्वांना एकच पुस्तिका लहानपणापासून तोंडपाठ होती, एकाच क्रमाने चालणारी उपासना त्यांनी जन्मभर पाहिली होती, आणि विनोदाचा निम्मा भाग त्या पाठांतरात आधीच जमा झालेला होता. तो निम्मा भाग आपण कसा मिळवावा आणि मिळवल्यावर किस्सा कसा हाताळावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

आधी प्रश्नोत्तरी वाचावी

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १६४७ मध्ये पूर्ण केलेली आणि स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीने, म्हणजे तिथल्या चर्चच्या सर्वोच्च सभेने, १६४८ मध्ये मान्य केलेली ‘शॉर्टर कॅटेकिझम’ ही १०७ प्रश्नांची पुस्तिका या साऱ्याच्या मुळाशी आहे. ‘शॉर्टर’ हे नाव तिला १९६ प्रश्नांच्या थोरल्या भावंडामुळे मिळाले. ज्या मुलांनी ती पाठ केली त्यांना ती आखूड वाटली असेल असे समजण्याचे कारण नाही. स्कॉट्स बोलीत तिला ‘कॅरिच’ म्हणत. मनुष्याचे मुख्य ध्येय कोणते, हा तिचा पहिला प्रश्न. देवाचे गौरव करणे आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद मानणे, हे त्याचे उत्तर. हे उत्तर ज्याला येत नसे असा माणूस गावात शोधून सापडला नसता, आणि म्हणूनच कुठल्याही किश्श्यात कुणी ‘मुख्य ध्येय’ हे दोन शब्द उच्चारले की श्रोते कान टवकारत.

संपूर्ण पुस्तिका वाचण्याची गरज नाही. पहिले वीस प्रश्न आणि दहा आज्ञांवरचा भाग वाचला तरी बहुतेक किस्से उलगडतात, आणि त्याला एक संध्याकाळ पुरते. सोळावा प्रश्न मात्र लक्षात ठेवावा, कारण त्याचे काम पुढे पडणार आहे. आदामाच्या पहिल्या अपराधात सारी मानवजात पतित झाली का, असा तो प्रश्न आहे. आणि देवाचा करार आदामाशी त्याच्या एकट्यापुरता नव्हे, तर त्याच्या वंशजांसाठीही झाला असल्यामुळे त्याच्यापासून उत्पन्न झालेल्या सर्व माणसांनी त्याच्या ठायी पाप केले आणि त्याच्याबरोबर तीही पडली, असे त्याचे उत्तर आहे.

पाठांतर शाळेत संपत नसे, हेही ध्यानात घ्यावे. पाळक ठरलेल्या दिवशी वाडीवाडीवर जात, एखाद्या शेतघराच्या स्वयंपाकघरात आसपासची कुटुंबे गोळा होत, आणि मालक, मालकीण, गडी, मोलकरीण अशा सर्वांना एकापाठोपाठ एक प्रश्न विचारले जात. नांगर धरून राठ झालेल्या हातांचा पन्नाशीचा शेतकरी आपल्याच गड्यासमोर शाळकरी पोरासारखा अडखळतो, आणि गडी घडाघडा म्हणून दाखवतो, हे दृश्य डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या परीक्षांवरचे किस्से वाचू नयेत. मला स्वतःला या विनोदाचा साचाच त्या परीक्षेतून आलेला वाटतो: वरून एक गंभीर प्रश्न येतो, खालून एक आखूड उत्तर जाते, आणि संभाषण तिथेच थांबते.

शाळामास्तरांना ओळखावे

१५६० च्या धर्मसुधारणेनंतर जॉन नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, शाळा असावी अशी योजना मांडली. ती प्रत्यक्षात यायला पुष्कळ काळ गेला, आणि १६९६ च्या कायद्याने जमीनदारांवर शाळेची इमारत व मास्तरांचा पगार यांची जबाबदारी पक्की केली. पगार वर्षाला १०० ते २०० मर्क (हे जुने स्कॉटिश चलन) ठरला. किश्श्यांत ‘डॉमिनी’ या नावाने येणारा हा मास्तर गरीब का असतो, ते या आकड्यांतून कळते. कारण १०० मर्क म्हणजे इंग्रजी चलनात जेमतेम साडेपाच पौंड.

पोट भरण्यासाठी हाच माणूस बहुधा सेशनचा, म्हणजे मंडळीचा कारभार आणि शिस्त पाहणाऱ्या सभेचा, कारकून होई आणि रविवारी प्रिसेंटर म्हणून स्तोत्राचा सूरही लावून देई. म्हणजे शुक्रवारी ज्या मुलाला कॅरिच चुकला म्हणून टोकाला चिरलेल्या चामडी पट्ट्याचे, अर्थात ‘टॉज’चे, फटके दिले, त्याच मुलाच्या बापाची शब्बाथभंगाची, म्हणजे रविवारचा विश्राम मोडल्याची, तक्रार तो सेशनच्या वहीत लिहून घेई आणि रविवारी त्या दोघांना गायला लावी. किश्श्यांत डॉमिनीवर जे शाब्दिक सूड उगवलेले दिसतात, त्यांची मुळे या तिहेरी नोकरीत शोधावीत. शाळेतले बाकीचे तपशीलही उपयोगी पडतात: हिवाळ्यात प्रत्येक मुलाने शेकोटीसाठी काखेत पीटचे, म्हणजे वाळवलेल्या दलदलीच्या मातीचे, एक ढेकूळ घेऊन यायचे, कँडलमासला, २ फेब्रुवारीला, मास्तरांना पैशांची भेट द्यायची, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या आदल्या दिवशी शाळेतच कोंबड्यांच्या झुंजी होत, ज्यांत मेलेले कोंबडे मास्तरांच्या वाट्याला जात. धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत झुंजी कशा, असा प्रश्न आपल्याला पडतो. त्या काळी तो फारशा कुणाला पडत नव्हता.

१८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा निवडून आलेल्या बोर्डांकडे गेल्या. त्यानंतरच्या किश्श्यांत डॉमिनीचा मंडळीशी असलेला हा घट्ट संबंध दिसला, तर किस्सा जुना आहे आणि सांगणाऱ्याने तो आपल्या काळात ओढला आहे, असे समजावे.

उपासनेचा क्रम समोर ठेवावा

या मंडळ्यांत बिशप नाही. पाळक आणि मंडळीतून निवडलेले ‘वडील’ (एल्डर) मिळून सेशन होते, त्यावर चढत्या क्रमाने प्रेस्बिटरी, त्या काळी सिनड, आणि जनरल असेंब्ली या सभा. प्रेस्बिटरीपुढे पाळकही उत्तरदायी असतात, आणि बाकावर बसलेली म्हातारी उपदेशाचे शास्त्र पाळकांइतकेच जाणते. पाळकांची टर उडवणारा विनोद येथे बंडखोर मानला जात नाही. त्यातले पुष्कळसे किस्से पाळकांनीच सांगून टिकवले आहेत.

उपदेश पाठ करून द्यावा, कागदावरून वाचू नये, असा खेड्यापाड्यांत कडक आग्रह होता. आणि उपदेशाचे मुद्दे ‘प्रथमतः, द्वितीयतः, तृतीयतः’ असे मोजून सांगण्याची रीत होती. नव्या पाळकांचा उपदेश का आवडला नाही, असे विचारल्यावर एका बाईंनी दिलेले उत्तर पिढ्यान्पिढ्या फिरते आहे: प्रथमतः त्यांनी तो वाचला, द्वितीयतः नीट वाचला नाही, आणि तृतीयतः तो वाचण्याच्या लायकीचा नव्हता. येथे तक्रारीपेक्षा तिची मांडणी मजेदार आहे, कारण बाईंनी उपदेशकाला उपदेशाच्याच साच्यात बसवले. भाषांतरात ‘एक तर, शिवाय, आणि वर’ असे घरगुती शब्द वापरले की विनोद गेलाच.

गाणे हा दुसरा विषय. १६५० च्या स्तोत्रसंहितेतील पद्यमय स्तोत्रे वाद्याशिवाय गायली जात. प्रिसेंटर एकेक ओळ म्हणून देई आणि मंडळी मागून गाई. लोक प्रार्थनेला उभे राहत आणि गाताना बसत, हे आजच्या वाचकाला उलटे वाटते, आणि भाषांतरकार नकळत ते ‘दुरुस्त’ करतात. ऑर्गनला लोक ‘किस्ट ओ व्हिसल्स’, म्हणजे शिट्ट्यांची पेटी, म्हणून हिणवत. एडिनबरोच्या ग्रेफ्रायर्स मंडळीत डॉ. रॉबर्ट ली यांनी १८६० च्या दशकात वाद्य आणले, त्यावर मोठा वाद झाला. तेव्हा १७८० च्या खेड्यातील पॅरिश चर्चमध्ये ऑर्गन वाजत असलेला किस्सा कुणी सांगितला, तर तो नंतर रंगवलेला आहे असे निःशंक म्हणावे. ख्रिसमसच्या उपासनेचेही तसेच. प्रेस्बिटेरियन स्कॉटलंडने तो सण शतकानुशतके पाळला नाही, आणि २५ डिसेंबरला तेथे सार्वजनिक सुटी मिळाली ती १९५८ मध्ये.

बाकीचे शब्द भराभर सांगतो. बीडल हा घंटा वाजवणारा, बायबल व्यासपीठावर नेऊन ठेवणारा आणि बहुधा थडगी खणणाराही सेवक. किश्श्यांत शेवटचा शब्द पुष्कळदा त्याचा असतो. टोकन म्हणजे वडिलांनी पात्र ठरवलेल्यांना प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या, विधीसाठी दिलेला शिशाचा बिल्ला. अ‍ॅपलरिंगी ही उग्र वासाची वनस्पती, जिची डहाळी बायका झोप येऊ नये म्हणून हुंगत. पॅन ड्रॉप म्हणजे उपदेश सुरू होताच गालात सरकवायची पुदिन्याची गोळी. हॉर्स-कूपर म्हणजे घोड्यांचा दलाल, ज्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवू नये अशी समजूत होती.

मेंढपाळांच्या भागात कुत्रीही मालकांसोबत चर्चमध्ये येत. परक्या गावी गेलेल्या एका पाळकांची गोष्ट आहे: शेवटचा आशीर्वाद द्यायला ते हात उंचावून थांबले, तरी मंडळी बसलेलीच. लोक आता उठतील, मग उठतील म्हणून ते थांबून राहिले, तेव्हा खालून आवाज आला की, आपण आटोपून घ्या, आम्ही बसलो आहोत ते कुत्र्यांना चकवण्यासाठी. लोक उभे राहिले की उपासना संपली हे ओळखून कुत्री भुंकत दाराकडे धावत. प्रार्थनेलाही लोक उभे राहत, मग तेव्हा ही कुत्री शांत कशी, असे एखादा चिकित्सक विचारील. त्यांनाही उपासनेचा क्रम पाठ झाला होता, असे त्याला सांगावे.

फुटी समजून घ्याव्यात

१७३३ मध्ये राष्ट्रीय चर्चमधून एक गट बाहेर पडला, १७४७ मध्ये तोच गट शहरी नागरिकांच्या (बर्गेसांच्या) एका शपथेवरून बर्गर आणि अँटी-बर्गर असा दुभंगला, आणि शतक संपता संपता त्या दोहोंतही ‘जुना प्रकाश’ व ‘नवा प्रकाश’ अशा नावांचे तुकडे पडू लागले. १८ मे १८४३ रोजी एडिनबरोत जनरल असेंब्लीतून सुरू झालेल्या महाफुटीत सुमारे १,२०० पैकी ४५० हून अधिक पाळक घर आणि पगार सोडून निघाले व त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. त्यांच्याकडे इमारती नव्हत्या, म्हणून पोरे त्यांना बिनकळसाची मंडळी म्हणून चिडवत. उलट जुन्या मंडळीला ‘माणसांवाचूनची थंडगार मंडळी’ असे उत्तर मिळे. किस्सा कोणत्या बाजूने सांगितला आहे, हे ठरवल्याशिवाय त्यातल्या मूर्ख पात्रावर विश्वास ठेवू नये. बहुतेक वेळा मूर्ख पलीकडच्या मंडळीतला असतो.

किस्सा तपासावा

एकच वाक्य चार पाळकांच्या नावावर खपलेले असते. गाव आणि पाळकांचे नाव दिले असेल, तर ‘फास्टी एक्लेसिए स्कॉटिकाने’ या पाळकांच्या सूचीत ते पाळक त्या काळी तिथे होते का, ते पाहावे. गावाचे चित्र हवे असेल, तर सर जॉन सिंक्लेअर यांनी पॅरिशच्या पाळकांकडून माहिती मागवून १७९१ ते १७९९ या काळात छापलेली वृत्ते वाचावीत. सेशनच्या वह्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ ‘स्कॉटलंड्सपीपल’ या संकेतस्थळावर पाहता येतात.

वहीत विनोद सापडणार नाही, कच्चा माल सापडेल. ‘सेडेरंट’ म्हणजे उपस्थित सभासद, ‘डिलेटेड’ म्हणजे ज्याच्याविरुद्ध खबर आली तो, ‘कम्पिअर्ड’ म्हणजे हजर झाला. एवढ्या तीन शब्दांवर पहिली पाने निभतात. सतराव्या शतकातील अक्षर ‘सेक्रेटरी’ नावाच्या जुन्या वळणाचे असते आणि त्याला सराव लागतो. दंडाची रक्कम पाहताना चलन जरूर तपासावे: स्कॉट्स पौंड हा इंग्रजी पौंडाचा बारावा हिस्सा, म्हणजे १ शिलिंग ८ पेन्स, आणि १७०७ च्या एकीकरणानंतरही वह्यांत हा हिशेब पुष्कळ काळ चालू राहिला. हे न पाहता ‘चार पौंड दंड’ वाचले, की साध्या शिक्षेची उगाच आपत्ती होते.

त्याच वह्यांत पश्चात्तापाच्या स्टुलावर रविवारमागून रविवार सर्वांसमोर बसवलेल्या माणसांच्याही नोंदी आहेत, आणि त्यांत अविवाहित माता पुष्कळ आहेत. या स्टुलावरचे विनोद जुन्या संग्रहांत विपुल आहेत. माझ्या मते ते अभ्यासासाठी वाचावेत, करमणुकीसाठी सांगू नयेत.

मराठीत सांगताना

स्कॉट्स बोलीसाठी मराठीतली एखादी प्रादेशिक बोली वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्या बोलीबरोबर तिचे गाव, पिके आणि आडनावेही ऐकणाऱ्याच्या मनात येतात. पाळकांना लांब, ग्रांथिक वाक्ये द्यावीत आणि गावकऱ्यांना आखूड, साधी. ‘एल्डर’ला मराठी बायबलप्रमाणे ‘वडील’ म्हणणे योग्यच. पण ‘वडील रागावले’ असे लिहिले की ऐकणाऱ्याला बाप दिसतो, म्हणून ‘मंडळीचे वडील’ असे पूर्ण लिहावे. तळटीप देऊ नये. लागणारी माहिती किस्सा सुरू होण्याआधी सहज बोलल्यासारखी सांगून टाकावी, आणि शेवटच्या उत्तरानंतर एक अक्षरही जोडू नये.

सोळाव्या प्रश्नाची आठवण आहेच, आणि हॉर्स-कूपर कोण तेही माहीत आहे. शेतघरात परीक्षा चालली आहे. पाळकांनी गड्याला विचारले, “आदाम कशा प्रकारचा मनुष्य होता, हे तुला सांगता येईल काय?”

“चारचौघांसारखाच.”

पाळकांचे समाधान झाले नाही. त्यांनी अधिक नेमके उत्तर मागितले. गड्याने थोडा विचार करून त्या भागातल्या एका हॉर्स-कूपरचे नाव घेतले आणि आदाम अगदी त्याच्यासारखा होता, असे सांगितले.

“त्याच्यासारखा? तो कोणत्या अर्थाने?”

“त्याच्यापासून मिळालं कुणालाच काही नाही, आणि बुडाले पुष्कळ.”