शाळेत टीबीची तपासणी घ्यायचीय? आधी वजनाचं रजिस्टर काढा

पहिली गोष्ट, मुलांमध्ये नुसता खोकला शोधत बसू नका. लहान पोरांना टीबी असला तरी कधीकधी खोकला फारसा नसतोच, पोरगं मलूल असतं, डबा तसाच परत नेतं, अंगाला काही लागत नाही. म्हणून वजनाचं रजिस्टर काढा आणि ज्यांचं वजन घटलंय किंवा आहे तिथंच अडकलंय त्यांची नावं बाजूला लिहा.

मग एकेकाला वेगळं बोलवून विचारा, वर्गासमोर अजिबात नको: दोन आठवड्यांपासून खोकला किंवा ताप आहे का, मानेला गाठ आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात कुणाला टीबीच्या गोळ्या चालू आहेत का? हे पालकांनाच विचारावं लागतं. आपल्या सोलापुरात आई घरी विड्या वळतीये, वडील लूमवर, त्यात आजोबांचा खोकला तंबाखूचा, धुळीचा म्हणून सोडून देतात, आणि पोरं त्यांच्याच शेजारी झोपतात. कितीतरी घरांत तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात, तिथं मराठी चिठ्ठी पाठवून भागत नाही, ती भाषा येणारी आशाताई नाहीतर दुसऱ्या मुलाची आई सोबत घ्या.

संशय आला की जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवा, निदान आपण करायचं नाही. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, ती गिळून टाकतात, म्हणून एक्स-रे काढतात, कधी नळीनं पोटातलं पाणी घेऊन तपासतात. हे पालकांना आधीच सांगा हो, नाहीतर नळी बघून घाबरतात आणि पोराला घेऊन घरी जातात.

औषध फुकट मिळतं, साधारण 6 महिने चालतं. पण काही आठवड्यांत पोर हसायला खेळायला लागतं आणि तिथंच गोळ्या सुटतात, तेव्हा बाईंनी रोज नुसतं "घेतली का रे?" विचारलं तरी खूप फरक पडतो. निक्षय पोषण योजनेत खाण्यासाठी महिना 1000 रुपये बँकेत येतात, त्यासाठी खात्याची कागदपत्रं लगेच करून घ्या. काही अडलं तर टीबीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1800-11-6666 ला फोन करा, पैसे लागत नाहीत.

वर्गात शिकवताना भाषण नको. टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही, खोकताना तोंडावर रुमाल धरायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, एवढंच नीट पटवा. आणि त्या पोराचा बाक वेगळा करू नका, लहान मुलांकडून दुसऱ्याला सहसा होत नाही, त्याला तो बहुतेक घरातल्याच मोठ्या माणसाकडून आलेला असतो. म्हणून मोठ्यांचीही तपासणी करायला लावा, आणि घरात 5 वर्षांखालचं भावंड असेल तर त्याचंही नाव दवाखान्यात पाठवायच्या चिठ्ठीत टाका, आजार नसला तरी त्याला प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू करतात.