लिनक्स कर्नल अडकला? ओरडणाऱ्या सीपीयूच्या मागे लागू नका

केडम्प (कर्नल कोसळताना मेमरीची प्रत, म्हणजे डम्प, जपणारी सोय) चालू आहे, बूटच्या ओळीत त्यासाठी 'क्रॅशकर्नल=२५६एम' अशी मेमरीत जागा राखलेली आहे आणि डीबग माहितीसकट व्हीएमलिनक्स (न दाबलेली कर्नल) फाइल हाताशी आहे, असं धरून चालतो. फाइल त्याच बिल्डची हवी; जवळपासच्या आवृत्तीने भागत नाही.

सॉफ्ट लॉकअप म्हणजे एखादा सीपीयू बराच वेळ कर्नलमध्येच अडकून दुसऱ्या कामाला वाव न देणं. तसं झालं की कर्नल मुद्दाम कोसळावा म्हणून 'कर्नल.सॉफ्टलॉकअप_पॅनिक' १ करा. ते सहसा ० असतं, मग मशीन नुसतं अडकून राहतं आणि डम्प हाती लागतच नाही. डम्प मिळाला की 'क्रॅश' या डम्प वाचायच्या साधनात उघडा.

खरी मेख पुढे आहे. लॉगमध्ये 'सॉफ्ट लॉकअप, सीपीयू २' दिसतं आणि आपण सीपीयू २चाच स्टॅक (एकातून एक बोलावलेल्या फंक्शनांची यादी) उकरत बसतो. माझे यात दोन आठवडे गेले. आठ सीपीयूंचं व्हर्च्युअल मशीन होतं आणि सीपीयू २ 'एसएमपी_कॉल_फंक्शन_मेनी'मध्ये थांबला होता. ते फंक्शन मी ओळ न् ओळ वाचलं. त्यात चूक नव्हतीच! तो बिचारा इतर सीपीयूंना इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारा संकेत) धाडून उत्तराची वाट बघत होता. उत्तर न देणारा भलताच होता.

म्हणून आधी 'क्रॅश'मध्ये 'बीटी -ए' द्या. सगळ्या सीपीयूंचे स्टॅक वाचा आणि नुसती वाट बघणारे बाजूला काढा. माझ्याकडे उरला सीपीयू ५. वर इंटरप्ट हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड) 'नेटिव्ह_क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ'मध्ये, म्हणजे लॉक सुटायची वाट बघत, गरगरतोय, आणि त्याच बॅकट्रेसमध्ये खाली नेटवर्क ड्रायव्हरचं एक फंक्शन तेच लॉक धरून बसलेलं. तिथे साधं 'स्पिन_लॉक' होतं. लॉक धरताना इंटरप्टही बंद करणारं 'स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह' हवं होतं. हँडलर चालू असताना त्या सीपीयूवर इंटरप्ट बंद, म्हणून सॉफ्ट लॉकअपची तक्रार त्याच्याकडून येणारच नव्हती. एनएमआय वॉचडॉगने (इंटरप्ट बंद असतानाही पोहोचणाऱ्या संकेतावर चालणारा पहारेकरी) त्याला पकडलं असतं, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये तो बऱ्याचदा नसतो.

'मॅक्ससीपीयूज=१ लावून बघा', म्हणजे एकाच सीपीयूवर चालवा, हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. दोन सीपीयूंच्या शर्यतीतली चूक त्याने सुटत नाही, लपते. 'प्रिंटके' (लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन) पेरल्यानेही वेळेचं गणित बदलतं. 'ट्रेस_प्रिंटके' वापरा, तो फारच हलका आहे.

शेवटी 'कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग' लावून कर्नल बांधा. लॉक धरणाऱ्या दोन्ही वाटा (ड्रायव्हरची आणि हँडलरची) एकेकदा चालल्या की प्रत्यक्ष अडकण्याआधीच लॉकडेप, म्हणजे कर्नलचा लॉक-तपासनीस, बोलतो. दुरुस्तीनंतर याच बिल्डवर तोच भार पुन्हा द्या. ती संथ असते, प्रॉडक्शनवर चढवू नका.