जुन्या मालकाच्या नावाची वसुलीची नोटीस आपल्या दारात

जुनं घर विकत घ्या नाहीतर भाड्यानं, दोन-चार महिन्यांत आधीच्या माणसाच्या नावाची पाकिटं दारात पडू लागतात. कुणाचा ट्रॅक्टरचा हप्ता थकलेला असतो, कुणाचं पतसंस्थेचं कर्ज, कुणाचं क्रेडिट कार्ड. घाबरून काही होत नाही आणि पाकिटं चुलीत घालूनही काही होत नाही.

पहिली गोष्ट, पाकीट फोडू नका. ते दुसऱ्याचं टपाल आहे. शिवाय तुम्हाला जे कळायला हवं ते पाकिटात नसून सरकारी दप्तरात आहे: कर्ज नुसतं त्या माणसाच्या डोक्यावर आहे, की घरही तारण आहे? भाडेकरूला इतक्या खोलात जायची गरज नाही, त्यानं घरमालकाच्या कानावर घालावं. घर विकत घेतलेलं असेल तर मात्र एक दिवस मोडून हे बघाच. जमीन किंवा प्लॉट सातबाऱ्यावर असेल तर ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा दिसतो. गावठाणात, शहरात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधा. महाराष्ट्रात मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दाखल करावी लागते, तीही तिथं सापडते. शेवटी सरसाई, म्हणजे तारण मिळकतींची देशभराची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर मिळकतीचा शोध घ्या, नाममात्र शुल्क लागतं. बाँड पेपरवर घेतलेल्या गुंठेवारीच्या (शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडून विकलेल्या जागेवरच्या) घरांची इथंच पंचाईत होते. तुमचं नाव कुठंच लागलेलं नसतं, आणि वसुलीवाल्याच्या लेखी मालक अजून जुनाच असतो.

बोजा निघाला नाही, तर कर्ज त्या माणसाचं. मायक्रोफायनान्सचं कर्ज तर विनातारणच असतं, घराशी त्याचा संबंध नाही. अपवाद दोन. आधीचा माणूस तुमचाच वडील-चुलता असेल आणि घर वारशानं आलं असेल, तर मिळालेल्या मालमत्तेपुरती जबाबदारी वारसावर येते. दुसरं, घरपट्टीची थकबाकी मिळकतीवरच बसते. विजेची जुनी थकबाकीही, नियमात तशी तरतूद असेल तर, नव्या मालकाकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलं आहे. ती पाकिटं परत पाठवून सुटका नाही.

आता पोस्टमन. सगळ्यात जास्त चूक इथं होते. तो स्पीड पोस्ट घेऊन येतो, घरातलं कुणीतरी ‘आम्हाला नको’ म्हणतं, आणि तो पाकिटावर ‘नाकारले’ असा शेरा मारतो. कायद्याच्या नजरेत नाकारलेली नोटीस बहुतेक वेळा पोचली असंच धरतात. मग कागदोपत्री कर्जदार अजून याच पत्त्यावर राहतो आणि पुढची नोटीसही इथंच येते. म्हणून स्पष्ट सांगा: ‘या नावाचे गृहस्थ घर सोडून गेलेत, तसा शेरा मारा.’ सही करू नका, कुरिअरवाल्याच्या मोबाइलवर बोटही फिरवू नका. घरातल्या लेकरांना आणि म्हाताऱ्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा, कारण दुपारी दार तेच उघडतात. साधं पत्र दारात पडलं असेल तर पाकिटावर ‘पत्तेदार येथे राहत नाही, पाठवणाऱ्यास परत’ असं लिहून टपालपेटीत टाका. त्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि बारकोडखालचा नंबर स्पष्ट दिसला पाहिजे.

नुसतं परत पाठवून थांबत नाही, कारण पाकिटं पाठवणारं यंत्र तुमचा शेरा वाचत नाही. दोन-तीन पाकिटं झाली की संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्टानं लिहा:

‘आपल्याकडून श्री. … यांच्या नावे माझ्या पत्त्यावर पत्रे येतात (स्पीड पोस्ट क्र. …, दि. …). सदर व्यक्ती येथे राहत नाही. मी दि. … पासून येथे राहतो. त्यांच्या कर्जात मी सहकर्जदार किंवा जामीनदार नाही. हा पत्ता आपल्या नोंदीतून काढावा, वसुली प्रतिनिधी येथे पाठवू नयेत व तसे लेखी कळवावे.’

सोबत नोंदणीकृत भाडेकरार किंवा सूची 2 ची प्रत जोडा. आधार, पॅन देऊ नका. त्या माणसाचा नवा पत्ता, मोबाइल नंबर सांगायलाही तुम्ही बांधील नाही. बँक किंवा फायनान्स कंपनीनं 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा, चौकशीसाठी 14448. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं.

वसुलीवाला दारात आला तर त्याचं ओळखपत्र आणि संस्थेचं अधिकारपत्र बघा, फोटो घ्या, बोलणं उंबऱ्याबाहेरच ठेवा. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत, अशी रिझर्व्ह बँकेची ताकीद आहे. ‘पाचशे रुपये भरा, फाईल बंद करतो’ असं कुणी म्हटलं तर एक रुपयाही देऊ नका. दमदाटी झाली तर 112.

कोर्टाचा बेलिफ किंवा पतसंस्थेचा विशेष वसुली अधिकारी आला तर गोष्ट वेगळी. बेलिफ कोर्टाच्या हुकमावर, तर वसुली अधिकारी सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 च्या वसुली दाखल्यावर जप्तीला येऊ शकतो. दोघांनाही अडवू नका; कर्जदार इथं राहत नाही, हे पंचनाम्यात लिहून घ्यायला लावा. फ्रिज, टीव्हीची बिलं, गाडीचं आरसी बुक तुमच्या नावाचं असेल तर तिथंच दाखवा, आणि तरी जप्ती झाली तर लगेच लेखी हरकत घ्या.

आणि दारावर सरफेसीची (बँकेला तारण मिळकत कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची) ताबा नोटीस चिकटलेली दिसली, तर हा सगळा मजकूर बाजूला ठेवा. ती फाडू नका. त्याआधी कर्जदाराला 60 दिवसांची मागणी नोटीस गेलेली असते, आणि आता आपल्या भागाच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला तुमच्या हातात 45 दिवस असतात. खरेदीखत किंवा भाडेकरार घेऊन त्याच आठवड्यात वकील गाठा.

एक काम बहुतेक जण वर्षानुवर्षं लांबवतात: लाइट बिलावरचं नाव. बिल जुन्या मालकाच्याच नावानं येत राहिलं, तर शोध घेत आलेला माणूस मीटरपेटीतलं बिल बघून समजतो की तो इथंच आहे. महावितरणकडं नावबदलाचा अर्ज करा. मतदार यादीत या घरावर त्यांची नावं असतील तर नाव वगळण्याचा नमुना 7 भरून बीएलओकडं, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं, द्या.